हाकेतलं नाव

कल्याण,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१७

प्रिय पोपट,

मायना वाचून हसला असशील. पंधरा वर्षं कचेरीत 'विज्ञापना विशेष' घासून माझ्या हाताला तेच वळण पडलं आहे. दोन कागद फाडले, तेव्हा कुठे हा साधा 'प्रिय' उतरला. मोडीत लिहिलं असतं तर अर्ध्या वेळात पत्र पुरं झालं असतं, पण तू तिसरीतून पळालास तो मोडीचा पहिला धडा लागायच्या आदल्या दिवशी, हे मी विसरलेलो नाही. म्हणून हे सगळं बाळबोधीत, एकेक अक्षर सुटं करून. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश वाच, अडलास तर पुन्हा मागून सुरू कर, पण स्वतः वाच. यातल्या गोष्टी तिसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नयेत असं मला वाटतं.

तुझा पत्ता लिनोने दिला. हा लिनो म्हणजे बाळकुमचा किरिस्ताव तांडेल, तुझ्या पुतणीच्या, रतनच्या शेजारचा. होय, रतनला बाळकुमला दिली. तू गेलास तेव्हा सात वर्षांची होती, होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाशी बसून पाय हलवायची. आता तिच्याच मांडीवर पोर आहे. लिनो गेल्या खेपेला कराचीला गेला, तेव्हा केमाडी बंदरावर एक माणूस पडाव वल्हवताना डावा खांदा आधी टाकतो असं त्याला दिसलं. रतनचा बाप असाच वल्हवायचा, म्हणून त्याने गाव विचारलं. तू म्हणे 'शहाड' एवढं एकच सांगितलंस आणि पाठ फिरवलीस. निरोप काही दिला नाहीस. तरी लिनोने बंदराच्या ज्या कोठीवर तू कामाला आहेस तिचं नाव लक्षात ठेवलं, आणि बाळकुमला पोचल्या पोचल्या रतनला सांगितलं. ती तान्हं पोर काखेत घेऊन दुसऱ्या दिवशी कल्याणला माझ्या दारात हजर. असे आपले लोक.

आता बातमी. उल्हासच्या काठावरची तुमच्या आळीची सहा घरं सरकार घेणार आहे. रेल्वेला इंजिनांसाठी नदीचं पाणी वर चढवायचं आहे, त्याच्या यंत्राला काठ हवा, आणि नेमका तुमचाच काठ हवा, कारण उन्हाळ्यातही तिथे पाणी खोल असतं. तुझ्या आजाने तीच खोली बघून तिथे होडी लावली आणि घर बांधलं. आता इंजिनेर तीच खोली बघून घर पाडणार. गेल्या साली जमिनी घ्यायचा नवा कायदा आला आहे, त्यात सार्वजनिक काम म्हटलं की पुढे बोलणं खुंटलं. मी तो कायदा तीनदा वाचला. घर वाचवायची वाट त्यात नाही. एवढंच आहे की ज्याचं नाव कागदावर असेल त्याला मोबदला मिळेल, आणि त्याने मागितलं तर प्रांतसाहेब वरच्या अंगाला, टेकाडाशी, बदली जागा द्यायला तयार आहेत. तिथूनही नदी दिसते, जरा मान लांब करावी लागते एवढंच. पण ती जागा कागदावरच्या माणसाला. आणि तुमच्या घराच्या कागदावर नाव आहे 'पोपट बिन जोमा'. थोरल्या दगडूदादाचं नाही, शेवंतीवहिनीचंही नाही.

ते नाव तुला नवीन नाही. त्याच्यापायी तू घर सोडलंस. घराची सनद, म्हणजे हक्काचा कागद, आली ती दुपार मी पाहिलेली नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे की पाहिल्यासारखीच वाटते. कुळकर्णी तुमच्या अंगणात घोंगडीवर बसले, सगळी आळी जमली, आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. दादाला वाटलं वाचण्यात चूक झाली. पुन्हा वाचायला लावलं. मग त्याने तुझ्याकडे बघून सगळ्यांदेखत म्हटलं, "शालंत धारला त्यो यासाठी? दोस्त कारकून, मंग काय पायजे!" तू शाळेत जावास म्हणून त्या माणसाने दोन वर्षं दोघांची वल्ही एकट्याने मारली होती. त्याला घाव लागला तोही तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कचेरीच्या पायरीवर माझी वाट बघत उभा होतास. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं, म्हणजे पूल न धरता मधल्या ओढ्यातूनच आला होतास. म्हणालास, "विश्राम, तू येऊन सांग दादाला. मी तुला कवा बोललेलो का, माझं नाव लाव म्हणून?" आणि मी म्हणालो, "कागद बघावा लागेल." बस्स, एवढंच. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि निघून गेलास. त्याच संध्याकाळी तू गाडीत बसलास असं नंतर कळलं. पोपट, मला कागद बघायची काहीच गरज नव्हती. त्या कागदावरचं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं होतं.

थांब, लगेच पत्र चुरगाळू नकोस. कारकुनाला सगळं क्रमाने लिहायची खोड असते, तसं लिहू दे.

आधी तुमचं घर. बाकीच्यांना आठवतं ते चौथऱ्यावरचं, कुडाच्या भिंतींचं, नळीच्या कौलांचं. मला आठवते ती मधली मेढ, अख्खं छप्पर पेलणारी. तिच्यावर तुझ्या आजाने पुराच्या पाण्याच्या खाचा पाडायला सुरुवात केली आणि जोमाकाकाने ती रीत चालू ठेवली. तुझ्या जन्माच्या साली पाणी उंबऱ्याच्या वर हातभर आलं होतं, ती खाच तू मला दाखवायचास, आणि पाठ मेढीला लावून म्हणायचास, बघ, मी खाचेपेक्षा उंच झालो. कोण किती वर्षं तिथे राहतं आहे याचा याहून चांगला दाखला कुठल्या कचेरीत असेल? पण मोजणीच्या तक्त्यात खाचांना रकाना नव्हता. रकाना होता 'कब्जेदाराचे नाव', आणि त्यात एकच नाव मावत होतं.

दुसरी आठवते ती हाक. पलीकडच्या काठावर उतारू आला की दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचा, "पोपट होऽऽ". होडी दादाची, वल्ही दादाची, पण चपळ तू, आणि हाकेला तुझं नाव सोपं. वहिनीची तर निराळीच अडचण. जेवायला बोलवायचं तर नवऱ्याचं नाव ओठांवर कसं आणायचं? म्हणून ती चौथऱ्याच्या कडेला उभी राहून तुझ्याच नावाने हाक मारायची, "पोपटभावजी होऽऽ", आणि तुम्ही दोघं होडी वळवायचात. मी तुमच्याकडे पडून असायचो त्या दिवसांत मीही त्या हाकेला उठायचो, कारण पान माझंही मांडलेलं असायचं. त्या घरात तुझं नाव म्हणजे सगळ्यांनी घरी यावं एवढाच अर्थ होता.

आता तो दिवस. चैत्रातली दुपार, मोजणीची साखळी काठाकाठाने येत होती, आणि मी पाटी-कागद घेऊन मोजणीसाहेबांच्या मागे. मी तेव्हा हंगामी कारकून होतो, माझी कायम नेमणूक महिन्याभरावर आली होती. आदल्याच महिन्यात दुसऱ्या गावी एका कारकुनाने घरबसल्या नावं भरली आणि तो पकडला गेला होता. म्हणून साहेबांचा सक्त हुकूम होता: घरात जे माणूस हजर असेल त्याला विचारा, त्याच्या तोंडून जे नाव येईल तेच लिहा, आपली ओळख मध्ये आणू नका. तुम्ही दोघं त्या दिवशी म्हसोबाच्या जत्रेच्या उतारूंना पोचवायला पलीकडे होतात. रतन होडीतच. घरी वहिनी एकटी.

मी विचारलं, घर कोणाचं? मला विचारताना हसू येत होतं, तिलाही. तिने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "विश्रामभाऊ, तुमाला ठावं नाय का?" मी म्हटलं, ठावं आहे गं वहिनी, पण तुझ्या तोंडून यायला हवं. ती म्हणाली, "रतनच्या बापसाचं." साहेब घाम पुसत मागे उभे होते. म्हणाले, नाव सांगा, नाव. ती म्हणाली, थोरल्यांचं. साहेब पुन्हा म्हणाले, नाव. अंगावर ऊन, समोर परका माणूस टोपी घालून उभा, आणि ती पुरती गोंधळली. मग तिने नेहमी जे नाव घेत होती तेच घेतलं. "पोपटचं लिवा. घर एकच हाय ना." साहेब म्हणाले, लिहा. मी लिहिलं.

माझी आई जन्मभर आमच्या वडिलांना 'घरातले' म्हणत आली. माझी बायको माझ्या नावाचा माणूस रस्त्यात भेटला तर त्याला हाक न मारता दगड मारून थांबवेल. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी साहेबांना म्हणू शकलो असतो की इथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, शेजारच्याला विचारू. एक वाक्य. पण हुकूम आठवला, नेमणूक आठवली, आणि मनाला सांगितलं की संध्याकाळी पक्की यादी उतरवताना दुरुस्त करू.

पक्की यादीही मीच उतरवली. तुझ्या नावापाशी माझा बोरू थांबला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खाडाखोड केली तर साहेब विचारतील, कारकुनाने पुन्हा स्वतःच्या मनचं लिहिलं म्हणतील. मग मी म्हटलं, भाऊ एका चुलीवर जेवतात, कुणाचंही नाव असलं म्हणून काय बिघडलं? वहिनी हेच म्हणाली होती. ती भोळेपणाने म्हणाली, मी भिऊन म्हणालो. यादी चावडीवर दोन महिने टांगली होती, हरकतीसाठी. सगळी मोडीत. तुमच्या सहा घरांत मोडी वाचणारा एकही नव्हता, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं सरकारलाही नव्हतं. मी रोज चावडीवरून जात होतो. साठ दिवस गेले, हरकत आली नाही. त्याच सुमारास माझी नेमणूक कायम झाली आणि आईने तुमच्याकडेही पेढे पाठवले. तू दोन जास्तीचे मागून घेतलेस.

मला शिव्या घालायच्या असतील तर इथे थांबून घाल. मी स्वतःला पुष्कळ घातल्या आहेत, पण त्यात तुझ्यासारखी धार येत नाही.

तू गेल्यावरचा दगडूदादा तुला कळायला हवा. पहिले सहा महिने त्याने तुझं नावसुद्धा काढलं नाही. पण पलीकडचे उतारू काही तुमच्या भांडणाचे साक्षी नव्हते. ते आपले सवयीने ओरडायचेच, "पोपट होऽऽ". मला वाटलं दादा चिडेल, सांगेल की पोपट गेला, माझ्या नावाने बोलवा. त्याने कधी सांगितलं नाही. हाक आली की उठायचा, धोतर खोचायचा आणि निघायचा. सात वर्षं तो माणूस तुझ्या नावाने उठत होता. हाताखाली एक गडी ठेवला, पण त्याला तुझं वल्हं धरू दिलं नाही; ते पावसाळ्याआधी तेल लावून आढ्याला टांगून ठेवायचा. मी एकदा धीर करून विचारलं, ते कशाला जपतोस? म्हणाला, "लाकूड हाय. वापरला नाय तर फुटतंय, म्हून तेल." मग होडीत उतरताना म्हणाला, "विश्राम, पोर असा करेल असा तुला वाटतंय काय रं?" तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी एवढंच म्हणालो की मला नाही वाटत. तो म्हणाला, मना पन नाय. आणि होडीचं पाणी उपसायला लागला.

तीन वर्षांमागे श्रावणात त्याला तापाने नेलं. चार दिवसांत आटोपलं. तो गेला तो तू निर्दोष आहेस असं मनात धरून गेला, पण तसं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि ज्याने सांगायचं तो रोज त्याच्या उशाशी बसत होता. याला माफी कुठे मागायची असते ते मला ठाऊक नाही. तुझ्याकडे मागतो आहे.

आश्विनात जमीन घ्यायची नोटीस चिकटली, आणि मी ठरवलं की आता गप्प राहायचं नाही. वहिनी अंगण सारवत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: ती दुपार, साहेब, तिने घेतलेलं नाव, माझी यादी, चावडी, दोन महिने. तिला इतक्या वर्षांत हे उमगलंच नव्हतं. सनदेत तुझं नाव कसं आलं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. बाईमाणसाला कागदातलं काय विचारायचं? ती शेणाचे हात तसेच धरून बसून राहिली. मग म्हणाली, "मंग माझ्याच तोंडानं घर फुटला म्हना." मी म्हटलं, तोंड तुझं, पण हात माझा, आणि कळत होतं ते मला. तिने हे ऐकलं की नाही कोण जाणे. उठली, रांजणातल्या पाण्याने हात धुतले, डोक्यावरून पदर नीट केला, नदीकडे तोंड करून उभी राहिली, आणि म्हणाली, "दगडू." थोडं थांबली. "दगडू जोमा." पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. मग माझ्याकडे वळली. तिचे कान नव्या नवरीसारखे लाल झाले होते. म्हणाली, "बगा, येतंय मना." मला रडू आवरलं नाही, पोपट. एवढी सोपी गोष्ट होती. दहा-अकरा वर्षं, दोन भाऊ, एक घर, आणि अडून राहिलं होतं ते दोन शब्दांवर.

मग मी नेटाने कामाला लागलो. माझी जबानी लिहून प्रांतसाहेबांपुढे ठेवली: नोंद माझ्या हातची, चूक माझी, घर दगडू बिन जोमा याच्या कब्जात होतं आणि आता त्याच्या विधवेच्या आहे. माझी चौकशी होईल. नोकरी राहील की जाईल ते पुढच्या महिन्यात कळेल. बायको म्हणाली, गेली तर गेली, निदान झोपेत बोलायचे थांबाल. साहेब तरुण आहेत, मराठी नीट शिकून आले आहेत, त्यांनी जबानी वाचून मान हलवली. म्हणाले, बाईंनी स्वतः येऊन तेच सांगितलं की बदली जागा त्यांच्या नावाने करू. शेजारच्या घरांत याहून वाईट भानगडी आहेत. एकाचं घर मेलेल्या आज्याच्या नावावर, दुसऱ्याचं जावयाच्या. त्या मानाने तुमचं प्रकरण सरळ होतं. मी रोज जाऊन वहिनीकडून उत्तर घोकून घेत होतो, शाळेत तुझ्याकडून पाढे घ्यायचो तसं. घर कुणाचं? दगडू जोमाचं. एकदाही चुकली नाही.

गेल्या सोमवारी सुनावणी झाली. वहिनी रतनला घेऊन आली होती, धुतलेलं लुगडं, कपाळ मोकळं. शिरस्तेदारांनी विचारलं, बाई, नदीकाठचं घर कोणाचं? मी दाराशी उभा, ओठ हलवत होतो. ती म्हणाली, "पोपटचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना वाटलं लाजली. समजुतीने म्हणाले, बाई, घाबरू नका, नाव घ्या. ती अगदी सरळ उभी होती, पदरही पुढे ओढला नव्हता. म्हणाली, "पोपट जोमा. माझा दीर. त्यो कराचीला हाय. त्याला बोलवा." झालं. माझ्या जबानीचा कागद बाजूला पडला. साहेबांना तरी दुसरं काय लिहिता येणार? कागदावर एक नाव, घरात राहणारीच्या तोंडून तेच नाव. त्यांनी हुकूम केला की कब्जेदार पोपट बिन जोमा याने जातीने हजर राहावं, तारीख ८ जानेवारी, संक्रांतीच्या आधीचा बुधवार, कल्याणच्या कचेरीत. न आल्यास मोबदला कोर्टात अनामत पडेल, बदली जागा मिळणार नाही, आणि घर माघात ठरल्याप्रमाणे उतरवलं जाईल. म्हणजे तू आला नाहीस तर वहिनी उघड्यावर. पुढे कोर्टात जाऊन हक्क शाबीत करायचा तर तिच्या हयातीत होईल की नाही याची मी हमी देत नाही.

बाहेर चिंचेखाली आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. होय, मी, वहिनीवर. लोक बघायला लागले. म्हटलं, सगळं जमून आलं होतं, नाव येत होतं तुला, माझ्या देखत दहादा घेतलंस, आणि आयत्या वेळी हे काय केलंस? तुझी जागा गेली आता! रतनही रडायला लागली. वहिनीने मला संपवू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "रागावू नका विश्रामभाऊ. भ्यायले नाय मी. नाव येतंय मना. पन त्यांच्या नावानं कितीबी हाक मारली तरी ते आता येनार नाय. मी जलमभर पोपटच्या नावानं हाक मारली, तवा दोगं यायचे. आता एक तरी येल. तुमी लिवा त्याला." जागेचं काय म्हटलं, तर म्हणाली की जागा त्याच्या नावावर झाली तर कुठे परक्याची झाली? आणि मेढ उतरवायला घरचा माणूस हवा, कंत्राटदाराच्या गड्याला ती हात लावू देणार नाही. वल्हं आढ्याला तसंच आहे, यंदाही तेल लावलं आहे. म्हणून हे पत्र. पत्र लिनोच्या हाती देतो आहे, त्याच्या मागोमाग सरकारी नोटीसही तुला मिळेलच. ती मोडीत असणार, तुला लागायची नाही. तिच्यात काय लिहिलं आहे ते मी तुला वाचून दाखवतो, आणि या वेळी जे आहे तेच वाचतो आहे: वहिनी चौथऱ्याच्या कडेला उभी आहे, पान मांडलेलं आहे, होडी वळव.

पायरीवर दिलं नाही ते उत्तर इतक्या उशिरा देणारा, तरीही तुझाच,
विश्राम